गायक थांबतो तेव्हा

नातवंडे ज्या गाण्यांवर ब्रेकडान्स करतात, ती गाणी आपण ज्येष्ठ मंडळी बहुधा भिंतीपलीकडूनच ऐकतो. भिंतीतून शब्द येत नाहीत, सूरही धड येत नाहीत; येतो तो केवळ ठोका. गंमत अशी की, या नृत्याच्या दृष्टीने ऐकण्याजोगा भाग तोच असतो. त्या ठोक्याविषयी आज आपल्याशी थोडे बोलायचे आहे. विशेषतः ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचा रुग्ण आहे, त्यांच्याशी.

फडावरची लावणी आठवून पाहा. गाणारीचा आवाज थांबतो, पेटी मागे सरते आणि ढोलकी एकटीच बोलू लागते. चाळ बांधलेले पाय तिला उत्तर देतात. पाश्चात्त्य गाण्यांतही अशी जागा असते. गायन आणि इतर वाद्ये थांबतात, उरतो तो ताल. तिला ‘ब्रेक’ म्हणतात. ब्रेकडान्स हे नाव त्यावरून आले. हाडे मोडण्याशी त्याचा संबंध नाही, हे चिंतातुर आजी-आजोबांनी अवश्य लक्षात ठेवावे.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी क्लाइव्ह कॅम्पबेल या १८ वर्षांच्या तरुणाने बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या. जमैकातून आलेला हा मुलगा पुढे कूल हर्क या नावाने ओळखला गेला. नाचणारे या मोकळ्या जागेचीच वाट पाहत असतात, हे त्याने हेरले. पण ती जागा काही क्षणांत सरायची. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तालाचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू. काही सेकंदांची जागा अशी हवी तितकी लांबली आणि त्या लांबलेल्या तालावर हे नृत्य वाढले.

त्याची जुनी, मानाची गाणी आजही वाजतात. जिमी कॅस्टर यांचे ‘इट्स जस्ट बिगन’ १९७२चे. इन्क्रेडिबल बोंगो बँडचे ‘अपाचे’ १९७३चे. त्यातील बोंगो म्हणजे हातांनी वाजवायची लहान ढोलांची जोडी, आपल्या तबला-डग्ग्याची दूरची नातलग. जेम्स ब्राऊन यांच्या ‘फंकी ड्रमर’मधील क्लाइड स्टबलफील्ड यांचा ड्रमचा तुकडा तर पुढे असंख्य गाण्यांत उचलला गेला, आणि वाजवणाऱ्याच्या हाती त्याचा मोबदला जवळजवळ आलाच नाही. आपल्याकडच्या ढोलकीवाल्यांना यात नवल वाटणार नाही. १९८२च्या ‘प्लॅनेट रॉक’पासून यंत्राचा ठोका आला; तो अचूक खरा, पण मला हाताचा ठोका अधिक जवळचा वाटतो. आपल्या पडद्यावर १९८५च्या ‘मेरी जंग’मधील ‘बोल बेबी बोल’वर जावेद जाफरी नाचला, पुढच्याच वर्षी ‘इल्जाम’मध्ये गोविंदा आला. आज सत्तरी ओलांडलेले वाचक तेव्हा ऐन तिशीत होते. म्हणजे ही गाणी केवळ नातवांची नव्हेत.

आता मूळ मुद्दा. माझे यजमान ७५ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपासून त्यांना पार्किन्सन्स आहे. सर्वांत कठीण जागा म्हणजे न्हाणीघराचा उंबरठा. तेथे त्यांचे पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते. ‘चला ना’ म्हटले की ते अधिकच अडते आणि मागून ढकलले तर तोल जातो. ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांना त्या क्षणीची दोघांचीही असहायता वेगळी सांगायला नको. मेंदूच्या खोल भागातील जी केंद्रे हालचालीची आतली लय सांभाळतात, त्यांना या आजारात डोपामाइन अपुरे पडते. आतला ठेका चुकू लागतो. अशा वेळी बाहेरून नियमित ठोका ऐकू आला, तर अनेक रुग्णांचे पाऊल त्याच्या आधाराने उचलले जाते. फिजिओथेरपिस्ट यासाठी मेट्रोनोम किंवा ठळक तालाचे संगीत वापरतात. सर्वांनाच सारखा लाभ होतो असे नाही आणि औषधांना हा पर्याय तर मुळीच नाही.

आमच्या फिजिओथेरपिस्टने यजमानांची मिनिटाची पावले मोजली, ती ८४ भरली. ठोका त्याच्या आसपास, फार तर किंचित अधिक हवा, असे त्यांनी सांगितले. ब्रेकडान्सची गाणी साधारणतः मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांची. ती जशीच्या तशी लावणे धोक्याचे. ताल पुढे पळाला की रुग्णाची पावले आखूड होतात आणि तो पुढे झुकून धावल्यासारखा चालू लागतो. उपाय नातवाने काढला. मोबाइलवर गाणे पाऊण गतीने वाजवता येते. मायकेल जॅक्सनचे ‘बिली जीन’ ११७ ठोक्यांचे आहे, ते ८८वर आले. आरंभी काही क्षण त्यात नुसता ड्रमच वाजतो, हे अधिक सोयीचे. ‘आजी, गाणं झोपलं की!’ असे तो म्हणाला खरा, पण आजोबांचे पाऊल जागे झाले. दर वेळी होत नाही. थकलेले असताना, औषधाचा अंमल उतरताना गाणेही हात टेकते; तेव्हा आम्ही थांबतो, त्यांना टेकू देतो, मग पुन्हा पाहतो.

आपणही हे करून पाहणार असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वाट मोकळी ठेवा, पायपुसणी उचला, रुग्णाच्या शेजारी चाला, आणि वळताना घाई नको. हातभर अंतरावरून बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर गाणे मोठे आहे असे समजा. श्रवणयंत्र असलेल्यांना दणका अधिकच टोचतो. आणि जमिनीवरच्या गिरक्या नातवासाठीच राहू द्या.

वयाने नाचाशी नाते तुटतेच, असे मात्र नाही. पुण्यात हृषिकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. न्यूझीलंडच्या वायहेकी बेटावरील वृद्धांचा ‘हिप ऑप-एरेशन’ हा चमू २०१३मध्ये लास वेगासच्या जागतिक हिप-हॉप स्पर्धेत नाचून आला.

आमच्या घरी सध्या गाण्यांच्या निवडीवरून आजोबा आणि नातू यांच्यात वाद आहे. नातवाला ‘अपाचे’ हवे असते. यजमान ‘बोल बेबी बोल’वर अडून बसतात, आणि तेही पाऊण गतीने नको म्हणतात. त्यांच्यासाठी ते आम्ही पूर्ण गतीनेच लावतो, मात्र खुर्चीत बसून, केवळ टाचा आपटण्यासाठी.