आरशामागची डिस्क

पुणे-सातारा रस्त्यावर जिथून भोरकडे आणि सासवडकडे वाटा फुटतात, ते कापूरहोळ. इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ते संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊंचे गाव म्हणून ठाऊक असते. आम्हां दोघा मराठीच्या प्राध्यापकांस मात्र ते एका पंख्याच्या घरघरीसकट आठवते. आमच्यापैकी एकाच्या तिथल्या घरी, माळ्यावरच्या खोलीत, एक जुना सर्व्हर आहे. एका कार्यालयाने मोडीत काढलेला तो आम्ही जवळजवळ भंगाराच्या भावाने आणला. भोर-वेल्ह्याच्या बायकांकडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात ठेवायच्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. त्यापुढे आमचे काम ओंजळभर. पण आमच्या मुद्रणांत गाणाऱ्या कित्येकजणी आता हयात नाहीत.

म्हणून 'मिररिंग'. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 च्या निबंधात 'रेड' म्हणून ज्या रचना मांडल्या, त्यांतली ही पहिली पायरी. सारख्या क्षमतेच्या दोन डिस्क घ्यायच्या आणि एकीवर लिहिलेले प्रत्येक अक्षर त्याच वेळी दुसरीवर लिहायचे. आमच्या सर्व्हरात हे काम एक स्वतंत्र कार्ड करते. यंत्र सुरू होताना कंट्रोल आणि आर या कळा दाबल्या की त्या कार्डाचा पडदा उघडतो. तिथे दोन्ही डिस्क निवडून जोडी बांधली की झाले. पुढे संगणकाला एकच डिस्क दिसते. दुसरी आहे हे त्याच्या गावीही नसते.

घात इथेच झाला. पावसाळ्यात वीज सारखी जात होती, धूळ नको म्हणून आम्ही यंत्रावर पुढून जुने लुगडे सोडले होते. दिवाळीच्या सुटीत ते धुवायला काढले तेव्हा एका डिस्कचा दिवा हिरव्याऐवजी पिवळा लुकलुकताना दिसला. कार्डाची नोंदवही उघडली. डिस्क जूनमध्येच निकामी झाली होती! पाच महिने सगळा संग्रह एकाच जुन्या डिस्कवर उभा होता आणि आम्ही रोज निर्धास्तपणे ओव्या ऐकत होतो, कारण काहीच अडले नव्हते. काही अडू न देणे हाच तर आरशाचा गुण.

नवी डिस्क मिळेपर्यंतचे आठ दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ती चालू यंत्रातच सरकवता येते. मग कार्ड उरलेली डिस्क पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत वाचून नवी भरत जाते. भीती याच वाचनाची असते, कारण वर्षानुवर्षे कुणी न उघडलेल्या कोपऱ्यात एखादा खण खराब असेल तर तो नेमका आता उघडा पडणार. ती रात्र आम्ही माळ्यावर चहा पीत काढली. टक्के चढत गेले. पहाटे दोन्ही दिवे हिरवे झाले.

संग्रह वाचला, एक मुद्रण सोडून. ते डिस्कने नेले नव्हते. नावे सुधारताना आम्हीच ते खोडले होते, आणि आरशाने दुसऱ्या डिस्कवरूनही ते तत्क्षणी, इमानाने खोडले. पोथ्यांच्या नकलाकारांवर आम्ही वर्गात किती हसलो असू! पण त्यांच्या चुका निदान वेगवेगळ्या असत, म्हणून चार पोथ्या समोर ठेवून पाठ ठरवता येई. इथे दोन्ही प्रती एकाच क्षणी, सारख्याच चुकतात. असो. आता तिसरी प्रत दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर काढून पुण्याच्या घरी जाते.

सर्व्हर रोज सकाळी कार्डाला दोन्ही डिस्कची आणि कार्डावरच्या बॅटरीची विचारपूस करतो आणि आम्हां दोघांस पत्र धाडतो. सारे ठीक असले तरी धाडतो. नाहीतर पत्र न येण्याचा अर्थ कळणार कसा? आणि लुगडे आता खिडकीला लावले आहे.