धीर न देणारी माणसं

पुण्याच्या कसब्यात धीर देणाऱ्यांची वाण नाही. वाडे पडले, त्यांच्या जागी लिफ्टच्या इमारती आल्या, पण जिन्यातली चौकशी काही लिफ्टने बंद केली नाही. माझी छाती धडधडायला लागली तेव्हा कुणी कसब्याच्या गणपतीचा अंगारा आणून दिला, कुणी लिंबू उतरवलं, कुणी मनाचे श्लोक रोज म्हणायला सांगितले. "मन खंबीर ठेवा" हे तर येता-जाता. या सगळ्यांबद्दल मनात राग नाही, प्रेमच आहे. पण ऋण म्हणून ज्यांची आठवण काढावी अशी माणसं तीनच, आणि त्या तिघांनीही मला धीर द्यायचं नाकारलं.

आजाराला निमित्त काही मोठं नव्हतं. एका रात्री झोपेतून उठलो तो हृदय घशाशी आलेलं, डाव्या हाताला मुंग्या. दादाने रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. ईसीजी स्वच्छ. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, पुन्हा ईसीजी, पुन्हा स्वच्छ. मग मला हृदयाची नव्हे, त्या धडधडीचीच भीती बसली. ती बसमध्ये येईल म्हणून बस सोडली, गर्दीत येईल म्हणून लक्ष्मी रस्ता सोडला, नाट्यगृहात दाराजवळची खुर्ची नसेल तर नाटक सोडलं. सोडायला काही उरलं नाही तेव्हा औदासीन्य आलं. मी छापखान्यांची मुद्रितं तपासून पोट भरणारा माणूस. टेबलावर मुद्रितांचे गठ्ठे साचले आणि मी दाढीही न करता खिडकीशी बसून राहू लागलो. तांबट आळीतले ठोके ऐकू यायचे. त्या ठोक्यांत मी माझ्या नाडीचे ठोके मोजायचो.

मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आणि सोबत थेरपी घ्यायला सांगितली. गोळ्यांनी झोप परत आली. ती आली नसती तर पुढचं काहीच जमलं नसतं, हे आधी सांगून टाकतो. हल्ली 'मी गोळ्यांशिवाय बरा झालो' असं मिरवायची जी पद्धत पडली आहे ती मला आवडत नाही.

थेरपी म्हणजे कुणीतरी मृदू आवाजात समजूत घालणार, अशी माझी कल्पना. पहिलं ऋण थेरपी देणाऱ्या मॅडमचं, आणि त्यांनी समजूत घातली नाही. एका वहीत रकाने आखून दिले: काय घडलं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, ते किती टक्के खरं वाटलं, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. मी लिहिलं, 'आता मी कोसळणार, 90 टक्के.' बाजूच्या रकान्यात धडधड, मुंग्या, घाम. विरुद्ध रकान्यात लिहिताना हात अडला, कारण इतक्या वेळा हे होऊनही मी एकदासुद्धा कोसळलो नव्हतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातली निराधार विधानं पेन्सिलीने खुणावली. स्वतःचा मजकूर असा समोर घेऊन कधी बसलोच नव्हतो.

पुढे एकदा त्या म्हणाल्या, "खुर्चीत बसूनच जोरजोरात श्वास घ्या. मी सांगेपर्यंत थांबू नका." मिनिटभरात तीच चक्कर, त्याच मुंग्या, छातीवर तेच दडपण. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला नाही, पाठीवर हात ठेवला नाही. फक्त विचारलं, "हा हृदयविकार आत्ता कुणी आणला?" मग कारण सांगितलं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्यानेच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. इंग्लंडच्या डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली मांडलेलं सूत्र त्यांनी चार वाक्यांत समजावलं: शरीरातल्या साध्या खुणेचा अर्थ माणूस भयंकर लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने खूण वाढते, आणि वाढलेली खूण त्या अर्थालाच पुरावा वाटते. एवढं सगळं सांगितलं, पण 'तुम्हाला काही होणार नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. मी ते काढून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला.

विचार तपासण्याच्या या मार्गाचे मूळपुरुष दोघे, आणि दोघांचीही स्वतःची भीती होती, हे वाचून मला बरं वाटलं. फिलाडेल्फियाचे एरन बेक मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले. 1960च्या दशकात खिन्न रुग्णांचं ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं की या माणसांच्या मनात झरझर, आपोआप अशी काही वाक्यं उमटत असतात आणि ती कुणी तपासतच नाही. नैराश्यावरच्या उपचारांचा त्यांचा ग्रंथ 1979चा. या बेकना बोगद्याची भीती वाटायची. दुसरे अल्बर्ट एलिस. त्यांनी 1955च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ पद्धत सुरू केली. तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे, म्हणून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात शंभराहून अधिक अनोळखी स्त्रियांशी ओळीने बोलायला गेले. त्यांतल्या कुणाशी सूत जमलं नाही, पण भीती गेली. एलिस आपल्याकडे आणले ते मुंबईच्या प्रा. कि. मो. फडके यांनी. वर्षानुवर्षं एलिसशी पत्रव्यवहार करून त्यांनी ही विद्या इथे शिकवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि व्याख्यानांतून, पुस्तकांतून ही विद्या घरोघर नेली. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' मॅडमनी वाचायला सुचवलं. मी सवयीने पेन्सिल घेऊन बसलो, पण वाचता वाचता चुका शोधायचं राहून गेलं.

दुसरं ऋण वहिनीचं. तेच सर्वांत अवघड, कारण मॅडमचं ते कामच होतं, वहिनीचं नव्हतं. मी दिवसातून कितीतरी वेळा तिला विचारायचो, "वहिनी, काही होणार नाही ना?" ती हातातली पोळी तव्यावर टाकता टाकता म्हणायची, "काही नाही होत, भाऊजी." अर्धा तास बरा जायचा. धीर उसनाच तो, संपला की मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात. मॅडमनी तिला एकदा बोलावून घेतलं आणि सांगितलं की तुमचं हे उत्तरच भीतीला जगवतं आहे. तुमच्या दिरांना ती स्वतः तपासून बघायची वेळच येत नाही. वहिनी परतताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारल्यावर तिने मागे न वळताच म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं? वहीत लिहा." त्या दिवसांत मी तिला निर्दय म्हणालो आहे. तीसेक वर्षं जिने घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याला ऊब दिली तिला असं कोरडं राहायला किती जड गेलं असेल, हे नंतर दादाकडून कळलं. मी खोलीत गेलो की ती रडायची.

तिसरे शेजारचे तांबटकाका. पिढ्यान्‌पिढ्या तांब्याला मठारणारं घर. मॅडमनी भीतीची उतरंड करून दिली होती. सोपी पायरी आधी: पवळे चौकापर्यंत, मग कसबा गणपती, मग फडके हौद, मग लाल महालासमोरचा रहदारीचा चौक. काका सोबत यायला तयार झाले. पहिल्यांदा शेजारून चालले, मग दहा पावलं मागून, मग एक दिवस आपल्या दुकानाच्या पायरीवरच बसून राहिले. "जाऊन या. मी काही येत नाही." खिशातली पाण्याची बाटली आणि गोळीची पट्टीही त्यांनीच काढून ठेवून घेतली. पॉल साल्कोव्हस्किस या इंग्रज संशोधकाने असल्या गोष्टींना सुरक्षेपोटीच्या कृती म्हटलं आहे: वाचलो तो बाटलीमुळे, असं मन म्हणतं आणि भीती जिथल्या तिथे राहते. काकांनी त्यातलं काही वाचलेलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बाटली घेऊन गेलात तर बाटली बरी होईल."

औदासीन्यासाठी निराळं काम होतं. वाटो न वाटो, सकाळी दाढी, मग एक पान मुद्रित, संध्याकाळी नदीच्या बाजूला एक फेरी. आधी मन लागेल आणि मग काम होईल याची वाट पाहायची नाही, उलट करायचं. हे दिसायला इतकं साधं की त्याचा अपमान वाटतो. पण गोव्यात 'संगत' या संस्थेने नेमकं हेच, डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून, प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांवर करून पाहिलं. सहा ते आठ भेटी. परिणाम 'लॅन्सेट'मध्ये 2017 साली छापून आले, आणि ते चांगले होते. 2015-16च्या राष्ट्रीय पाहणीत मनोविकारांनुसार 70 ते 92 टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचं आढळलं. अशा देशात वहिनी आणि तांबटकाका यांच्यासारख्यांची गणना कुठे करायची, हा प्रश्न मला धोरण ठरवणाऱ्यांना विचारावासा वाटतो.

2024च्या सप्टेंबरअखेर भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली. उतरंडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर मी तेच लिहिलं होतं. कसबा पेठेत जिने उतरलो, मंडईपर्यंत गेलो, परत आलो. धडधड झाली, वहीत 60 टक्के लिहिली, आणि बेकची बोगद्याची भीती आठवून हसू आलं.

शेवटच्या भेटीला काकांकडून मठारलेला एक तांब्या घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी घेतला नाही. भेटवस्तू घेत नाही, म्हणाल्या, आणि पुढची तारीखही दिली नाही. "गरज पडली तर फोन करा. पण आधी वही काढा." फी वेळच्या वेळी दिली होती, तेव्हा त्यांच्या लेखी हिशेब मिटला. तांब्या वहिनीने घेतला. चिंचेने घासून लखलखीत ठेवते.

गेल्या दिवाळीनंतर तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्री ती माझ्या दाराशी आली. "भाऊजी, काही होणार नाही ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं? किती टक्के?"

"ते तुमचं शास्त्र माझ्यावर नको. सरळ सांगा."

"काही होत नाही, वहिनी," मी म्हणालो.