विद्यार्थी म्हणून जा, विद्यार्थी म्हणूनच राहा

चि. ओंकार,


माग्डेबुर्गच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, आता फक्त विमानाचं तिकीट काढायचं राहिलं, असं तू लिहिलंस. तिकीट काढण्याआधी हे पत्र नीट वाच. प्रवेशपत्राचा अर्थ एवढाच, की विद्यापीठ तुला घ्यायला तयार आहे. तू तिथला विद्यार्थी होशील तो एनरोलमेंट पूर्ण झाल्यावर, आणि त्याची मुदत त्याच पत्रात दिलेली असते. ती तारीख आधी शोध आणि वहिनीच्या कॅलेंडरवरही लिहून ठेव.

पहिली गोष्ट नावाची. पासपोर्टवर तुझं आडनाव एका रकान्यात आहे आणि तुझं नि दादाचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग दादाचं, शिवाय आईचं नाव वेगळं. आपल्याकडे यात कुणाला काही खटकत नाही. जर्मन कचेरीतल्या माणसासमोर मात्र ही दोन वेगळी माणसं असू शकतात. एपीएसने तुझ्या पदव्या तपासून दिलेलं प्रमाणपत्र, विमा, बँक, भाडेकरार, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव, अक्षर न् अक्षर तसंच घाल. ‘ओंकार संजय’ हे सगळं मिळून तुझं पहिलं नाव मानलं जाईल आणि पत्रं त्याच नावाने येतील. चालू दे. दुरुस्त करायला जाऊ नकोस.

खोलीवर पोचलास की सामान उघडण्याआधी टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी लाव. तिथे पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि महत्त्वाचं सगळं अजूनही टपालानेच येतं: विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, टॅक्सचा क्रमांक. दोन रुपयांच्या कागदासाठी महिनाभर अडकून पडलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

मग आनमेल्डुंग, म्हणजे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद. त्याला घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. काही जण खोली देतात पण हा दाखला देत नाहीत. तशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नकोस, कारण पुढचा निवास परवाना या नोंदणीवर अवलंबून आहे, आणि बँकाही बहुतेक वेळा तीच मागतात. खोली न दाखवता आगाऊ अनामत मागणारा माणूस तर ठगच समज. विद्यार्थी वसतिगृहासाठी श्टुडेंटेनवेर्ककडे आजच अर्ज कर, तिथे रांग असते.

विम्याचं थोडक्यात सांगते. तुझी तिशी झालेली नाही, त्यामुळे सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर तुला मिळेल, आणि विमा कंपनी तुझी नोंद थेट विद्यापीठाला कळवेल. ते कळवणं झाल्याशिवाय एनरोलमेंट पुढे सरकत नाही. म्हणून पुण्यातूनच विमा कंपनीशी संपर्क कर. उतरल्यापासून तो विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवास विमा घे.

आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले ते.

व्हिसासाठी वर्षाचा खर्च आगाऊ ठेवावा लागतो त्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरायचे म्हणून दादाने घर तारण ठेवून कर्ज काढलं, हे मला वहिनीने सांगितलं. रुपयांत ती रक्कम बारा लाखांच्या घरात जाते, आणि ती तुझ्या छातीवर बसली आहे हे तुझ्या पत्रातून दिसतं. तू लिहिलंस, “आत्या, मी महिन्याला चारशेत भागवीन, उरलेले बाबांना परत पाठवीन, आणि गेल्या गेल्या काम धरीन.” ओंकार, हे करू नकोस.

तो आकडा कुणी मनाला येईल तसा ठरवलेला नाही. महिन्याचे ९९२ युरो होतात, आणि घरापासून दूर राहणाऱ्या गरजू जर्मन विद्यार्थ्याला तिथलं सरकार शिक्षणासाठी जास्तीत जास्त जेवढी मदत देतं, त्याच हिशेबावर तो आकडा बेतलेला आहे. एवढ्यात खोली, विमा, जेवण, कपडे, पुस्तकं असं एका विद्यार्थ्याचं साधं जगणं बसतं. त्यातले सहाशे वाचवायचे म्हणजे जेवणात, झोपेत आणि हिवाळ्याच्या कोटात कपात करायची. नोव्हेंबरमध्ये चार-साडेचारला अंधार पडतो. त्या अंधारात नूडल्सवर राहून, रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला डुलक्या घेणारी आपली मुलं मी इथे हॅनोव्हरमध्ये पाहते, आणि मला त्यांच्या आयांची आठवण येते. कर्ज दादाने तुझ्या शिकण्यासाठी काढलं आहे. ते फिटायचं ते तुझ्या पदवीनंतरच्या नोकरीतून. पहिल्या वर्षी पोट मारून जे वाचेल, त्याने ते सगळं काही फिटणार नाही.

काम करायला माझी ना नाही. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पासून ही मर्यादा वाढली आहे. पण पहिल्या सेमिस्टरला थांब. जर्मन कानावर पडू दे, विषय समजू दे. पुढे काम शोधशील तेव्हा आधी विद्यापीठातच, प्रयोगशाळेत किंवा प्राध्यापकाच्या हाताखाली सहायक म्हणून शोध. तिथे पैसे मिळतात आणि ओळखीही वाढतात. गोदामातली पाकिटं शेवटी.

घाई करू नकोस म्हणते त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते इथे येणाऱ्या फार थोड्या मुलांना आधीपासून माहीत असतं. एनरोलमेंट झालं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही. प्रत्येक परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, तिची मुदत वेगळी असते. आणि एकाच विषयाच्या परीक्षेला बसायच्या संधी मोजक्या असतात, बऱ्याच ठिकाणी तीन. सक्तीच्या विषयात शेवटची संधी गेली, की तो अभ्यासक्रम त्या विद्यापीठात संपतो, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठात घेण्याचा मार्गही बहुतेक वेळा बंद होतो. आपल्याकडची एटीकेटीची सवय तिथे चालत नाही. थकलेल्या डोक्याने परीक्षेला बसून अशी एक संधी घालवणं हे वाचवलेल्या सहाशे युरोंपेक्षा किती तरी महाग आहे. शिवाय दर सेमिस्टरला सेमिस्टर फी वेळेवर भरून नोंदणी चालू ठेवावी लागते. ती विसरलास तर नाव पटावरून कमी होऊ शकतं, आणि तुझा निवास परवाना त्या पटावरच्या नावावर उभा आहे.

फीबद्दल दादाने विचारलं होतं, त्याला सांग: तुझ्या राज्यात सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये २०१७ पासून आपल्यासारख्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. त्या हिशेबाने तू निवड चांगली केलीस.

एक बाई मला या निमित्ताने सारख्या आठवतात. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८मध्ये शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर म्हणजे वंशशास्त्रातलं मोठं नाव. पुढे नाझींनी ज्या विचारांचा आधार घेतला, त्यांतले कितीतरी या माणसाचे. कवट्यांच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हे मोजून पाहायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष प्रबंधात मांडला. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूला हवं ते न लिहिण्याचं बळ त्यांना कुठून आलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटतं, पुन्हा पुन्हा मोजायला लागणारा वेळ त्यांनी स्वतःला दिला होता. तुलाही तेच हवं आहे. सेमिनारमध्ये प्राध्यापकांना “हे मला पटत नाही” म्हणायची तिथे मुभा असते, उलट तशी अपेक्षाच असते. पण तसं म्हणायला आदल्या रात्री वाचन झालेलं असावं लागतं.

दादाशी मी बोलले आहे. पैसे परत पाठवायचा विषय दोन वर्षं काढायचा नाही, हे त्याला मान्य आहे. त्याला वाईट वाटेल म्हणून तू गप्प राहत होतास, आणि तुला वाईट वाटेल म्हणून तो.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तुझ्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली असते. ती उतरवून मला पाठव. जर्मन भाषेत असली तर रविवारी फोनवर एकेक कलम मिळून वाचू. आणि वहिनीला सांग, लोणच्याची बरणी हाताच्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत घाल म्हणावं.

तुझी,
मीनाआत्या