दोन लहान कॉलेजे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने कळवले होते की, शाळेच्या आठवणींबरोबरच माजी विद्यार्थ्यांच्या मुलांच्या शिक्षणाविषयीही कोणी लिहावे. गेल्या दोन वर्षांत आपल्या शाळेच्या परिवारातील तीन-चार घरांतून मला एकच प्रश्न विचारला गेला आहे : मुलीला दोन्हीकडे प्रवेश मिळाला असताना तुम्ही ठरवले कसे? त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवते.

२०२३ च्या मार्चअखेर माझ्या मुलीला अमेरिकेतील ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन कॉलेजांकडून आर्थिक साहाय्यासह प्रवेशाची पत्रे आली. होकार १ मेपर्यंत कळवायचा होता. मी नगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिचे बाबा एस.टी.त. घरात आनंद झाला, पण ही नावे आमच्या वस्तीत कोणी ऐकलेली नव्हती. माझे थोरले भाऊ म्हणाले, "बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. ही विद्यापीठ सोडून कॉलेजात कशी काय निघाली?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे कॉलेज म्हणजे विद्यापीठाला जोडलेली संस्था. अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही वरून येणार. तिकडची ही 'लिबरल आर्ट्स' कॉलेजे स्वतःच पदवी देतात. प्रत्येकी जेमतेम दोन हजार विद्यार्थी, जवळजवळ सगळे पदवीच्या वर्गांचे. त्यामुळे पहिल्या वर्षापासून प्राध्यापक स्वतः वर्ग घेतात. 'आर्ट्स' या शब्दावरून नातेवाइकांचा बराच गैरसमज झाला. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र हे सारे तेथे आहे, आणि विषय पहिल्या दिवशी निश्चित करावा लागत नाही.

दोन्ही कॉलेजे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात, एकमेकांपासून मोटारीने दीड-दोन तासांवर. भांडण जुने आहे. विल्यम्सची स्थापना १७९३ ची. १८२१ मध्ये तिचे अध्यक्ष झेफानिया स्विफ्ट मूर हे, कॉलेज फारच आडवळणी आहे असे म्हणत, काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन निघाले आणि नव्याने निघालेल्या ॲमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. १८५९ मध्ये दोन कॉलेजांतील पहिला बेसबॉलचा सामना यांच्यातच झाला. ॲमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. सोबत बुद्धिबळाचाही सामना ठेवला होता, तोही ॲमहर्स्टने घेतला. कबड्डीच्या आंतरशालेय सामन्यांनंतर आपल्या वसतिगृहात आठ-आठ दिवस जे चाले, ते आठवले की हे वैर मला परके वाटत नाही.

पैशाच्या बाजूने निर्णय होईल असे वाटले होते. तो झाला नाही. दोन्ही कॉलेजे प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याची आर्थिक गरज पूर्ण भागवतात आणि त्यासाठी कर्ज गळ्यात मारत नाहीत. ॲमहर्स्टने कर्जाऐवजी अनुदान द्यायला २००८ मध्ये सुरुवात केली, विल्यम्सने २०२२ पासून सगळे साहाय्य अनुदानाच्याच रूपात दिले. आमच्या पदरच्या खर्चात फरक फार थोडा होता. पालकांना एवढेच सांगेन की पत्रातील मोठा आकडा पाहू नका. तिकीट, कपडे, विमा धरून चार वर्षांत घरातून काय जाईल, तेवढेच कागदावर मांडा.

मग मी इतिहास वाचू लागले. ज्या गावावरून ॲमहर्स्टला नाव मिळाले, ते गाव ब्रिटिश सेनापती जेफ्री ॲमहर्स्टच्या नावाचे. १७६३ मध्ये मूलनिवासींमध्ये देवीची साथ पसरवण्यासाठी दूषित ब्लँकेटे देण्याच्या कल्पनेला याने पत्रांतून संमती दिली होती. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०१६ मध्ये कॉलेजने त्याच्या नावाचे बोधचिन्ह सोडले. कॉलेजचे नाव मात्र तेच राहिले. नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढलेल्या समाजातील मी. हे वाचून मन खट्टू झाले. पण त्याच ॲमहर्स्टमधून १९१५ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन पदवीधर झाले. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढाईचा पाया घालणारे, थर्गुड मार्शल यांचे गुरू. विल्यम्समधून १९२४ मध्ये ॲलिसन डेव्हिस बाहेर पडले. अमेरिकेच्या दक्षिणेतील वर्णभेदाचा अभ्यास त्यांनी 'जात' हा शब्द वापरून केला, त्यांचे सहलेखकांसह लिहिलेले 'डीप साउथ' १९४१ चे. हे दोघेही वॉशिंग्टनच्या एकाच कृष्णवर्णीय शाळेतून आलेले. तराजू पुन्हा समतोल.

एक धागा मात्र थेट आमच्या दारात आला. १८०६ मध्ये विल्यम्सच्या काही विद्यार्थ्यांनी गवताच्या गंजीआड बसून परदेशी धर्मप्रसाराचा संकल्प केला; त्यातून पुढे अमेरिकन मिशन उभे राहिले. १८०८ चा विल्यम्सचा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला, शाळा काढू लागला. याच मिशनच्या सिंथिया फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. त्या मिशनचा हेतू धर्मांतराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही हा प्रवास वाचून मी थक्क झाले. मुलीला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "छान आहे आई, पण त्यासाठी मी चार वर्षं तिथं कशी काढू?"

खरा फरक शिकवण्याच्या पद्धतीत होता. ॲमहर्स्टमध्ये पहिल्या वर्षाचे एक चर्चासत्र आणि आपल्या मुख्य विषयाची पूर्तता सोडली, तर काहीच सक्तीचे नाही. शिवाय आसपासच्या चार संस्थांत, म्हणजे स्मिथ, माउंट होलिओक, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्सचे मोठे राज्य विद्यापीठ, कोठेही जाऊन वर्ग घेता येतात; मोफत बस आहे. विल्यम्स डोंगरांच्या कुशीत, सात-आठ हजार वस्तीच्या गावात एकटे. तेथे 'ट्युटोरियल' असते : दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून मांडायचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची. पुढच्या आठवड्यात उलट.

माझा कल ॲमहर्स्टकडे होता, आणि कारण सांगते. अकरावीत, पहिल्याच आठवड्यात एका शिक्षकांनी सवलतीच्या यादीतील मुलांना वर्गात उभे केले होते. त्यानंतर दोन वर्षे माझ्या मुलीने वर्गात हात वर केला नाही. लहान जागेत सगळे सगळ्यांना ओळखतात. आपल्या वसतिगृहात हेच वरदान होते. एखादी मुलगी रात्री जेवली नाही तर अधीक्षिकाबाईंना झोपण्यापूर्वी कळे. पण ओळखणारी नजर दुखावणारी असली तर? मला मुलीसाठी पळवाट हवी होती, एक बस, दुसरे कॉलेज, हजारोंच्या गर्दीचे विद्यापीठ.

तिला मी दोन्हीकडील भारतीय विद्यार्थ्यांना प्रश्न लिहायला लावले. सुट्टीत वसतिगृहात कोण राहते? आजारी पडल्यास कोण येते? आडनावावरून भारतीय मुलेच काही विचारतात का? विल्यम्सच्या एका मुलीने सरळ लिहिले की विचारतात, क्वचित. आणि फेब्रुवारीत एकटेपणा येतो. त्या उत्तरावर मुलीचा विश्वास बसला.

२८ एप्रिलच्या रात्री तिने निर्णय सांगितला. "आई, दोघांच्या वर्गात मागचा बाक नसतो. मला लपायला जागा नको. दोन वर्षं मी लपूनच बसले होते." तिचे बाबा म्हणाले, "मग विल्यम्सच." मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही बोलले नाही, मग होकाराचा अर्ज भरताना तिच्या शेजारी बसले.

सध्या ती तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या ट्युटोरियलमध्ये सोबतच्या मुलाने तिच्या निबंधाचा एक अख्खा परिच्छेद निरर्थक ठरवला, आणि पुढच्या आठवड्यात तिने त्याची दोन पाने. फोनवर हे सांगताना तिचा आवाज इतका चढला होता की शेजारच्या काकी विचारायला आल्या. फेब्रुवारीतला एकटेपणाही खरा निघाला. पहिल्या वर्षी तो संपूर्ण महिना आम्ही रोज रात्री नऊला, तिच्याकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असताना, बोलत होतो.