बारा पन्नासची मोक्पो

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एकाच्या मागे बाजार लागला, दुसऱ्याच्या मागे रेल्वे. मुंबई-नागपूर मार्गावर बडनेरा मागे टाकून मालखेड ओलांडलं की गाडी या दुसऱ्या चांदुरात शिरते. इथल्या कॉलेजातल्या पोरापोरींच्या मोबाईलमध्ये हल्ली बीटीएस आणि ब्लॅकपिंक असतात, आणि कोरियन ओळी वहीत देवनागरीत उतरवून पाठ केलेल्या असतात. घरातली आजी विचारते, ‘काय म्हनते बापा हे, समजते तरी का तुले?’ समजत नसतं, पण गाणं मात्र तोंडपाठ असतं.

या चकचकीत गाण्यांच्या पाठीमागे कोरियात एक जुनं कोठार आहे, आणि ते उघडायचं तर वऱ्हाडी माणसानं रेल्वेच्या दारानं आत शिरावं. त्या देशानं स्टेशनांवर, रात्रीच्या गाड्यांवर आणि फलाटावरच्या ताटातुटीवर इतकी गाणी केली आहेत, की आपल्याकडे गदिमांची झुकझुक अगीनगाडी अख्ख्या महाराष्ट्राला पुरली याचं नवल वाटावं.

सुरुवात ‘देजॉन ब्लूज’पासून करायची. साल १९५९, गायिका आन जोंग-ए. देजॉन हे दक्षिण कोरियाच्या मध्यावरचं मोठं जंक्शन. सोलहून आलेला एक रस्ता इथून बुसानकडे जातो आणि दुसरा, होनाम मार्ग, मोक्पो बंदराकडे. गाण्यात मध्यरात्री बारा पन्नासला मोक्पोची गाडी सुटते आणि दोन माणसं कायमची वेगळी होतात. गीतकार छ्वे ची-सू एके काळी रेल्वेच्याच नोकरीत होता, आणि अशाच एका रात्री देजॉनच्या फलाटावर हातात हात धरून उभं असलेलं एक तरुण जोडपं त्यानं पाहिलं होतं, असं सांगतात. गाणं गाजलं ते त्या वेळेमुळे. प्रेमगीतात चंद्र येतो, पाऊस येतो. वेळापत्रकातली वेळ कोण घालतो? पण ज्यानं अपडाऊन केलंय त्याला विचारा. गाडीचं नाव तो घेतच नाही, ‘सहा चाळीसची’ किंवा ‘दहा पाचची’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

देजॉनचा आणखी एक मासला सांगण्यासारखा आहे. सोलहून होनाम मार्गाला लागणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. तेवढ्या चारदोन मिनिटांत प्रवासी फलाटावर उतरत आणि उभ्याउभ्या गरम रश्श्यातल्या जाड शेवयांचा वाडगा रिकामा करत. एक डोळा वाडग्यावर, दुसरा इंजिनावर. पुढे देजॉनला न शिरता जाणारा मार्ग झाला, गाड्या उलट्या फिरवायची गरज उरली नाही, पण ‘गाराक गुकसू’ या शेवयांचं नाव त्या स्टेशनाला चिकटलं ते चिकटलंच. १९८० च्या सुमारास चो योंग-पिलनं ‘देजॉन ब्लूज’ आपल्या फाटक्या, ताणलेल्या आवाजात पुन्हा गायलं आणि एका नव्या पिढीनं ती गाडी पुन्हा चुकवली.

या रुळांचा इतिहास वऱ्हाडाला परका वाटू नये. होनाम मार्ग १९१४ मध्ये पुरा झाला. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं, आणि होनाम हे तिथलं भाताचं कोठार. तांदूळ रुळांवरून बंदराला आणि बंदरातून जपानला जात असे. त्याच दशकात इकडे मूर्तिजापूरपासून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळपर्यंत ‘शकुंतला’ या गाडीची नॅरोगेज आली. ती कापसासाठी: गाठी मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला. दोन्हीकडे गाडी आली ती मालाच्या ओढीनं, आणि माणसं आपली तिच्यात नंतर बसली. फरक एवढाच की त्यांनी त्या रुळांवर गाणी रचली आणि आपण शकुंतला पुन्हा सुरू व्हावी म्हणून निवेदनं दिली.

मोक्पोचं तर स्वतंत्र गाणंच आहे. १९३५ मध्ये ओके रेकॉर्ड कंपनी आणि ‘चोसॉन इल्बो’ या वर्तमानपत्रानं आपापल्या गावावर गीत लिहिण्याची स्पर्धा घेतली. त्यातून ‘मोक्पोचे अश्रू’ निघालं आणि मोक्पोच्याच, अजून विशीही न ओलांडलेल्या ई नान-योंगनं ते गायलं. वरवर पाहता ते बंदरावरच्या विरहाचं गाणं, पण जपानी पोलिसांना एका ओळीत जुन्या जपानी स्वारीचा सल ऐकू आला आणि त्यांचा संशय बळावला. लोकांनाही तेच ऐकू आलं होतं, म्हणून तर ते घरोघर गेलं. याच ई नान-योंगनं पुढे कोरियन युद्धाच्या धामधुमीत दोन मुली आणि एक भाची यांना गायला शिकवून अमेरिकी सैनिकांसमोर उभं केलं. त्या किम सिस्टर्स १९५९ मध्ये लास वेगासला पोचल्या आणि एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात पुन्हापुन्हा झळकल्या. सुरुवातीला त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अर्थ न कळता उच्चारच घोकून त्या इंग्रजी गाणी म्हणत. चांदूरच्या पोरींची वही त्यांना लगेच ओळखू आली असती.

१९८० च्या मे महिन्यात होनाम भागातल्या ग्वांगजू शहरातला नागरिकांचा उठाव लष्करानं चिरडला. त्याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. १९८२ मध्ये देशात व्यावसायिक बेसबॉल सुरू झाला, ग्वांगजूला हेते टायगर्स हा संघ मिळाला, आणि स्टेडियममध्ये हजारो लोक एका सुरात ‘मोक्पोचे अश्रू’ गाऊ लागले. खेळाच्या मैदानात रडगाणं! हरणाऱ्या संघाचं म्हणावं तर तेही नाही, कारण टायगर्सनी १९८३ ते १९९७ या काळात नऊ वेळा विजेतेपद मारलं. त्याच गर्दीनं किम सू-हीचं ‘दक्षिणेकडची गाडी’ही आपलंसं केलं. पावसात होनाम मार्गावरून धावणारी ही गाडी विरहाचीच, पण ठेका असा की खुर्चीवर बसवत नाही. ट्रॉट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जुन्या शैलीची हीच गंमत आहे: शब्द रडतात आणि पाय नाचतात. वऱ्हाडातल्या लग्नाच्या वरातीतला बँडवाला हे मर्म जाणून असतो.

कोरियात १९६० ते १९८० या वीस वर्षांत सोलची वस्ती सुमारे २४ लाखांवरून ८३ लाखांवर गेली. खेडी रिकामी झाली, पोरं कारखान्यांत लागली, आणि छुसॉकच्या सणाला तिकिटांसाठी स्टेशनांवर झुंबड उडू लागली. १९७२ मधलं ना हून-आचं ‘गावचं स्टेशन’ या लोकांचं. संगीतकार इम जोंग-सू शाळकरी वयात रोज गाडीनं शाळेला जात असे. ती ये-जा त्या चालीत आहे आणि फलाटाकाठी फुललेली कॉसमॉसची फुलंही आहेत. दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दाराशी बॅगेवर बसून पुण्याहून वऱ्हाडात परतणाऱ्याला याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

गाडीतून न येऊ शकणाऱ्यांचीही गाणी आहेत. १९८३ मध्ये केबीएस वाहिनीनं कोरियन युद्धात ताटातूट झालेल्यांसाठी थेट कार्यक्रम सुरू केला. तो १३८ दिवसांत मिळून ४५३ तास ४५ मिनिटं चालला आणि दहा हजारांहून जास्त जणांना आपली माणसं भेटली. सल उन-दोचं ‘हरवलेली तीस वर्षं’ त्या दिवसांत घराघरांतून वाजत होतं. त्याच युद्धाच्या शेवटी कैद्यांची राखण करायला गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात, आपले कोल्हापूरकडचे. घरी परतायलाच नकार देणारे हजारो कैदी तेव्हा त्यांच्या ताब्यात होते.

सगळीच जुनी गाणी रडवी नाहीत. विशीतल्या किम ह्योन-चोलचं १९८९ मधलं ‘चुनचॉनची गाडी’ ऐकावं. त्यात कोणी कायमचं जात नाही. सोलच्या धकाधकीतून एका दिवसापुरतं निसटायचं, एवढंच. गिटार, मंद बास, खिडकीतला वारा. ती एकपदरी वाट २०१० च्या डिसेंबरात दुपदरी झाली, विजेवर आली आणि सोलची लोकलच होऊन बसली. गाण्यातला रेंगाळलेला वेग मात्र आजच्या पोरांना भारी आवडतो.

ही गाणी शोधायला फार खटपट लागत नाही. २०१५ च्या ‘रिप्लाय १९८८’ या मालिकेनं ऐंशीच्या दशकातली गाणी नव्या गळ्यांतून पुन्हा वाजवली आणि मूळ गाण्यांचीही मागणी वाढली. पण मालिकेनं निवडलेली गाणी शहरी, मऊ आहेत. त्याआधी दोन दिवस ट्रॉटला द्यावेत. ‘देजॉन ब्लूज’ आधी आन जोंग-एचं, मग चो योंग-पिलचं. ‘मोक्पोचे अश्रू’ जुन्या तबकडीची खरखर ठेवूनच. ‘दक्षिणेकडची गाडी’ शक्यतो स्टेडियमच्या गर्दीतलं, आणि तेही हेडफोनवर नको. घरातल्या स्पीकरवर लावावं, आजीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.