राजकन्येचे वडील

गेली तीस-बत्तीस वर्षे मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहे, आणि या व्यवसायाचा एक दोष मला पुरता जडला आहे. कोणताही विषय निघो, त्यावर माझे मत तयार असते. ते कोणी मागितले नाही तरी मी देतो. आणि एकदा दिलेले मत पुन्हा तपासून पाहावे असे सहसा माझ्या मनात येत नाही. परीकथांतील राजकन्यांचे चित्रपट मुलींपुढे कोणता आदर्श ठेवतात, हा अशाच विषयांपैकी एक. प्रथम वर्षाच्या वर्गापुढे या विषयावर मी दरसाल एक व्याख्यान देतो. ते विद्यार्थ्यांना आवडते असा माझा समज आहे. निदान त्या तासाला मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते, एवढे खरे.

व्याख्यानाचा मथितार्थ थोडक्यात असा. ‘हिमगौरी आणि सात बुटके’ हा वॉल्ट डिस्ने यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९३७ साली प्रथम दाखविला गेला. त्यातील नायिका विहिरीच्या काठी उभी राहून कोणी प्रियकर येईल म्हणून गाते, बुटक्यांचे घर झाडून काढते, अनोळखी म्हातारीच्या हातचे सफरचंद खाते आणि काचेच्या पेटीत निजून राहते. राजपुत्र येऊन चुंबन घेतो तेव्हा कोठे ती जागी होते. १९५० सालची सिंड्रेला छळ सोसते आणि गोड बोलते. तिचे भाग्य एका पादत्राणाच्या मापावर ठरते. १९५९ सालच्या निद्रिस्त राजकन्येबद्दल तर बोलावयासच नको; कथेतील खरी लढाई चालू असताना ही बाई झोपलेली असते. तात्पर्य काय, तर सुंदर असावे, सोशीक असावे आणि वाट पाहावी. इतके सांगून मी किंचित थांबतो आणि विद्यार्थिनींच्या बाकांकडे दृष्टी टाकून विचारतो, “हा आदर्श तुम्हांला मान्य आहे काय?” मान्य आहे, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. म्हणेल तरी कोण?

गेल्या श्रावणातील एका रविवारी या मताला धक्का बसला. बाहेर पावसाची झड लागली होती. माझी मुलगी आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन दोन दिवसांसाठी आली होती. नातीने दूरदर्शन संचावर जलपरीचा चित्रपट लावण्याचा हट्ट धरला, आणि तिच्या शेजारी बसण्याचा मान मला मिळाला. मुलगी मागे जमिनीवर बसून गवार मोडीत होती.

हा १९८९ सालचा चित्रपट, आणि माझ्या आरोपपत्रातील सर्वांत गंभीर कलम. समुद्रराजाची सोळा वर्षांची कन्या एरियल एका मानवी राजपुत्रावर लुब्ध होते आणि त्याच्याजवळ जाता यावे म्हणून चेटकिणीला आपला आवाज देऊन पाय विकत घेते. पुरुषासाठी मुकी होणारी नायिका! याहून वाईट उदाहरण ते कोणते? शिवाय हान्स अँडरसनच्या १८३७ सालच्या मूळ कथेत निदान या सौद्याचे मोल तरी लपविलेले नाही. तेथे जलपरीची जीभ कापली जाते, प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखे दुखते, आणि राजपुत्र शेवटी दुसरीशीच विवाह करतो. चित्रपटाने हे सारे दुःख पुसून लग्नाचा मंडप घातला. चित्रपट सुरू झाला न झाला तोच मी हे नातीला तिच्या वयास झेपेल अशा भाषेत समजावू लागलो. मागून आवाज आला, “बाबा, तिला बघू द्या ना.”

मी गप्प बसलो, आणि बहुधा पहिल्यानेच तो चित्रपट व्याख्यानाची टिपणे न काढता पाहिला.

तेव्हा ध्यानात आले, की राजपुत्र दृष्टीस पडण्यापूर्वीच या मुलीला एक ध्यास लागलेला असतो. समुद्रतळाच्या एका गुहेत तिने माणसांच्या वस्तू जमविलेल्या असतात. बुडालेल्या गलबतांतून आणलेले काटे, चमचे, पुस्तके, नाना प्रकारची खेळणी. त्यांचे उपयोग तिला ठाऊक नसतात. नावेही तिने ऐकीव आणि चुकीची घेतलेली असतात. परंतु पृथ्वीवर काय आहे हे तिला जाणून घ्यावयाचे असते. राजपुत्र नंतर येतो. आणि मग तो प्रसंग येतो. राजाला त्या गुहेचा सुगावा लागतो. मानवजात दुष्ट आहे आणि तिच्यापासून मुलीला वाचविले पाहिजे याविषयी त्याची पक्की खात्री असते. तो आपला त्रिशूळ उगारतो आणि मुलीच्या डोळ्यांदेखत एकेक वस्तू फोडून टाकतो. ती ओंजळीत तोंड घालून रडत बसते. चेटकिणीचे हस्तक तिला गाठतात ते याच घटकेस. आवाज विकण्याचा तो सौदा, ज्यावर मी इतकी वर्षे तोंडसुख घेतले, त्या फुटक्या वस्तूंच्या ढिगाऱ्यातून उठून ती करावयास जाते.

नातीने माझा हात घट्ट धरला. “आजोबा, तो तिचा बाबा ना? मग तो असं का करतो?”

उत्तर माझ्या ओठांवर होते. “त्याला तिची काळजी वाटते गं,” मी म्हणालो.

“हो, काळजीच वाटत होती त्याला,” मागून मुलगी म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. गवारीच्या शेंगा मोडल्याचा आवाज तसाच चालू राहिला. मी मात्र मागे वळून पाहिले नाही.

२००२ सालची गोष्ट. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. त्याच सुमारास डिस्ने कंपनीने निरनिराळ्या चित्रपटांतील आपल्या राजकन्यांना एकत्र करून त्यांच्या नावे बाहुल्या, कपडे आणि खेळणी विकण्याचा मोठा व्यापार मांडला होता. त्याची झळ आमच्या गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानापर्यंत येऊन पोहोचली होती. कंपासपेटीवर राजकन्या, वहीच्या वेष्टनावर राजकन्या, डब्यावर राजकन्या. माझ्या मुलीने ही चित्रे बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जमविली होती. कोणाकडून तरी आणलेल्या दोन-तीन व्हीसीडी त्यात होत्या. आणखीही काही कागद होते. दिवाळीच्या आवराआवरीत तो डबा माझ्या हाती आला. माझे व्याख्यान त्या वर्षी नुकतेच तयार झाले होते आणि मी त्याच्या ऐन भरात होतो. रद्दीवाला दारात आला होता. डबा मी त्याच्या काट्यावर ठेवला. ती शाळेतून आल्यावर मी तिला जवळ बसवून राजकन्या हा वाईट आदर्श कसा आहे ते सविस्तर समजावून सांगितले. ती ऐकत होती. तिने वाद घातला नाही, आणि मला आपला मुद्दा पटला याचे समाधान वाटले.

रागाने हाती त्रिशूळ घेणारा राजा आणि तत्त्वासाठी रद्दीवाल्याला हाक मारणारा प्राध्यापक यांत फरक आहे असे मी म्हणू शकेन. परंतु चित्रपटातील राजा मुलीला रडताना पाहून खजील होतो, हाही फरक सांगावा लागेल.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून मी व्याख्यानाची टिपणे काढून बसलो, आणि एकेक कलम तपासू लागलो. सिंड्रेला राजपुत्राची वाट पाहते असे मी सांगत आलो. वस्तुतः ती मागते ती एका रात्रीची सुटी, एक पोशाख आणि नृत्याचा समारंभ. ज्याच्याबरोबर ती नाचली तो राजपुत्र होता हे तिला नंतर कळते. सावत्र आईच्या कारस्थानाने काचेची सपाता फुटते, तेव्हा दुसरी सपाता खिशातून काढून पुढे करणारी तीच. ही गोष्ट फ्रेंच लेखक पेरो याच्या १६९७ सालच्या कथेतही आहे. मीच ती गाळीत होतो. निद्रिस्त राजकन्येच्या चित्रपटात राजकन्या झोपते हे खरे, पण राजपुत्राला बंदिखान्यातून सोडविणाऱ्या आणि त्याच्या हाती ढाल-तलवार देणाऱ्या तिघी पऱ्या प्रौढ बायका आहेत. उलट, चुंबनाने जागे होण्याचा जो दोष मी हिमगौरीच्या कथेवर ठेवीत असे, तो ग्रिम बंधूंचा नव्हेच. त्यांच्या कथेत पेटी वाहणारे सेवक ठेचकाळतात आणि धक्क्याने घशातील सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो.

कार्मेन फॉट आणि कॅरेन आयझेनहॉवर या दोन अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी या चित्रपटांतील शब्द मोजले. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ‘सिंड्रेला’मध्ये शेकडा ६० आणि निद्रिस्त राजकन्येच्या चित्रपटात शेकडा ७१ शब्द स्त्रियांच्या तोंडी आहेत. याउलट नव्या, धीट नायिकेच्या म्हणून नावाजलेल्या ‘जलपरी’त शेकडा ६८ शब्द पुरुषांचे, आणि १९९२ सालच्या ‘अल्लादीन’मध्ये शेकडा ९०! म्हणजे जुन्या सोशीक राजकन्यांच्या जगात निदान बायका बोलत तरी होत्या. ही आकडेवारी वाचून मी माझ्या घरातील शब्दांची मोजणी मनातल्या मनात करून पाहिली. निष्कर्ष येथे देत नाही.

तरीही हे चित्रपट निर्दोष आहेत, असा कौल मला द्यावयाचा नाही. सेरा कॉइन या संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह १९८ लहान मुलांची पाहणी केली. ज्या मुलांना या राजकन्यांचे वेड अधिक, त्यांची वागणूक वर्षभरानंतर ‘मुलींनी असेच वागावे’ या ठरीव साच्याकडे अधिक झुकलेली आढळली. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले, आणि माझ्यासारख्यांनी ते वर्गात वाचून दाखविले. पुढे २०२१ साली त्यांचेच दुसरे संशोधन प्रसिद्ध झाले. बालपणी राजकन्यांत रमलेली मुले दहा वर्षांच्या सुमारास पाहिली, तेव्हा पुरुषी वर्चस्वाच्या कल्पनांना ती कमी चिकटलेली आणि आपल्या शरीराविषयी अधिक समाधानी दिसली. हे दुसरे संशोधन मी वर्गात वाचून दाखविले नव्हते.

उदाहरण घेणारे मूल म्हणजे कोरी पाटी, असे आपण धरून चालतो. आपल्याकडील कहाण्यांतही आटपाट नगरात नावडत्या राण्या निमूटपणे गोठ्यात राहतात. आमच्या आज्या त्या ऐकत वाढल्या, पण त्यांतील साऱ्याच काही निमूट निघाल्या नाहीत. कोणती मुलगी कोणत्या गोष्टीतून काय उचलते हे गोष्टीकडे पाहून कळत नाही. त्या मुलीकडेच पाहावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी मुलीला विचारले, “त्या डब्यात काय काय होते?”

ती हसली. “आता काय त्याचं, बाबा? वीस वर्षं होऊन गेली.”

मी पुन्हा विचारले. तेव्हा ती आठवून आठवून सांगू लागली. चित्रे होती, चांदीच्या कागदाचे मुकुट होते, आणि एक दोनशेपानी वही होती. वहीत ती गोष्टींचा पुढचा भाग लिहीत असे. लग्न झाल्यावर राजकन्यांचे काय झाले, तो. सिंड्रेलाने राजवाड्याच्या तळघरात उंदरांसाठी शाळा काढली होती. जलपरी दर रविवारी माहेरी जात असे. त्यासाठी राजपुत्राने जिन्याखाली एक विहीर खणून घेतली होती.

“आणि हिमगौरी?” मी विचारले.

“ते नाही आठवत,” ती म्हणाली. “बरंच लिहिलं होतं, पण आठवत नाही आता.”

राजकन्यांचे चित्रपट मुलींना काय शिकवतात, या प्रश्नाचा माझ्या घरापुरता जो लेखी पुरावा होता, तो मी न उघडता काट्यावर घातला होता. किलोला किती पैसे आले, तेही आता आठवत नाही.

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “अहो बाबा, काहीतरीच काय!” आणि कप उचलून आत गेली. चित्रपटातील राजाला अखेरीस त्रिशूळ उचलून मुलीला पाय देता येतात. दोनशेपानी वही परत आणण्याची विद्या माझ्याजवळ नाही.

या वर्षी ते व्याख्यान मी दिले नाही. त्याऐवजी विद्यार्थिनींना लहानपणी आवडलेल्या एका गोष्टीविषयी दोन पाने लिहून आणावयास सांगितली. ती अजून वाचून व्हावयाची आहेत.

निघण्यापूर्वी नात माझ्याजवळ बसून बूट घालीत होती. मी तिला विचारले, “त्या सिनेमातले कोण व्हायला आवडेल तुला?” कोणते उत्तर आले तर काय समजवायचे, याची जुळवाजुळव, सवयीप्रमाणे, मनात सुरू झालीच होती.

“खेकडा,” ती म्हणाली.

“का गं?”

“त्याला पाण्यात पण राहता येतं आणि बाहेर पण.”

यावर मला सांगण्यासारखे काही नव्हते. मी तिच्या बुटाची नाडी बांधून दिली.