निदान

हल्लीच्या गाडीला काय होतंय ते तिचं तिलाच कळतं. मेकॅनिक एक वायर जोडतो आणि यंत्रावर दुखण्याचा नंबर उमटतो. आमची गाडी 1982 सालची, कार्ब्युरेटरवाली. तिला काय झालंय हे ती सोडून बाकी सगळ्यांना कळतं.

गाडी वडिलांची. ते गेल्यावर मी ती ठेवली आणि सौ.नं ती सोसली. परवा मात्र पुण्याहून साताऱ्याला भाचीच्या साखरपुड्याला निघताना तिनं निर्वाणीचं बजावलं, "आज ही धड पोचली नाही, तर सोमवारी भंगारात! मामंजींचं नाव पुढं करायचं नाही."

खेड शिवापूरच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. बॉनेट उघडून नुसतं उभं राहावं, पाच मिनिटांत तज्ज्ञांची समिती जमते. स्कूटरवरून उतरलेल्या एका गृहस्थांनी "कचरा!" असं एका शब्दात निदान केलं. कार्ब्युरेटरचा जेट खोलला, तोंडानं फुंकला, परत बसवला. गाडी चालू! बिचाऱ्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

शिरवळला पुन्हा तेच. तिथं एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "कॉइल तापलीय, साहेब." कॉइलवर ओलं फडकं ठेवून आम्ही वीस मिनिटं बसलो. गाडी चालू! तिसरा मुक्काम खंबाटकी घाटात. तिथले सद्गृहस्थ सुशिक्षित निघाले. "व्हेपर लॉक," ते म्हणाले. "इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ होते. पंप ती ओढणार कशी?" तेच फडकं कॉइलवरून पंपावर गेलं. गाडी चालू!

कचरा, कॉइल, वाफ. रोग तीन आणि तिन्ही औषधांना गुण! माझ्या आत्याच्या गुडघ्याला एकाच महिन्यात तीन वैद्यांचा असाच गुण आला होता. सौ. मांडीवर ताटं घेऊन एक अक्षर बोलत नव्हती. हे लक्षण व्हेपर लॉकपेक्षा वाईट.

सुरूरच्या पुढं पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या पोरानं टाकीचं झाकण फिरवलं मात्र, 'फुस्स' असा आवाज झाला.

"काका, झाकणाचं भोक बुजलंय की! हवाच जात नाही आत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी उभी राहिली की कुठल्याशा फटीतून हवा सावकाश आत शिरायची आणि गाडी आपोआप बरी व्हायची. जेट फुंकण्याऐवजी आम्ही वीस मिनिटं भजी खाल्ली असती तरी ती चालू झाली असती.

पोरानं काकूंकडे पिन मागितली. सौ.नं पदराची काढून दिली. भोकातून वाळलेल्या लांबीचा गोळा निघाला.

"लांबी? ही कुणी भरली?"

मी हवेचा दाब तपासायला टायरशी वाकलो. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून गेल्या रविवारी मोठ्या हौसेनं ती मीच भरली होती.

"मामंजींनी असलं कधी केलं नव्हतं," सौ. म्हणाली.

साताऱ्यापर्यंत गाडी कुरकुरलीसुद्धा नाही. पण अंगठ्या घालून झाल्या होत्या. मेहुण्यांनी दारातच विचारलं, "काय झालं होतं हो गाडीला?"

मी आवंढा गिळला.

"व्हेपर लॉक," माझ्याकडे न बघता सौ.नं परस्पर सांगून टाकलं आणि ताटं घेऊन ती आत गेली.